ओले धान्य वर ठेवा

आमच्या लहानपणी घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या खोलीत, भिंतीतल्या काचेच्या कपाटात फळांची एक परडी असे. दोन सफरचंदे, एक आंबा, एक पेर, केळ्यांची फणी आणि परडीच्या काठावरून खाली लोंबणारा द्राक्षांचा घड. सगळी प्लास्टिकची. अम्मीने ती एका ईदच्या आधी क्रॉफर्ड मार्केटमधून आणली होती. अब्बांचा पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत कसाबसा पुरायचा. खरी फळे घरात यायची ती कोणी आजारी पडले तर, नाहीतर रमजानमध्ये इफ्तारपुरती. बाकीचे अकरा महिने ही परडीच घराची अब्रू सांभाळत असे. दर जुम्याला ती फळे साबणाच्या पाण्याने धुऊन पुसणे हे आम्हा भावंडांचे काम होते.

एकदा पाहुण्यांबरोबर चार वर्षांचे एक मूल आले. मोठी माणसे गप्पांत रमलेली. कपाट उघडे होते. त्याने सफरचंद उचलले आणि कचकन चावले. सगळे हसले. ते मूल मात्र हसले नाही. त्याने एकदा सफरचंदाकडे पाहिले, मग अम्मीकडे पाहिले, आणि अम्मीचे हसू तिथेच मावळले. त्या सफरचंदावर दातांच्या खुणा कायमच्या राहिल्या. त्यानंतर अम्मीने काय केले ते शेवटी सांगू. आधी ही परडी आज का आठवली, ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सहावीच्या वर्गातली एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि वाढीचे वय आहे, डाळी, अंडी, दूध, पनीर द्या असे सांगितले. मुलीला अंड्याचा वास सहन होत नाही. आई चार घरची धुणीभांडी करते. तिने ठरवले की आठवड्यातून दोनदा पाव-पाव किलो पनीर आणायचे. वस्तीजवळच्या डेअरीत भाव होता किलोला २४० रुपये, म्हणजे आठवड्याचे १२०. तेवढे वाचवण्यासाठी तिने स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा सोडली आणि डोंगर उतरून पायी जाऊ लागली.

दोन महिन्यांनी ती शाळेत आली. म्हणाली, "टीचर, पनीर तव्यावर टाकलं की नुसतं तेल सुटतं. पोरगी म्हणते, रबर चावल्यासारखं लागतं. माझं काही चुकतं का?"

हा शेवटचा प्रश्न आम्हाला लागला. जिची फसवणूक होते, तीच आधी स्वतःची चूक शोधते.

शाळा सुटल्यावर आम्ही तिच्याबरोबर त्या डेअरीत गेलो. दर्शनी भागात मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'ताजे पनीर'. आम्ही खोके दाखवायला सांगितले. दुकानदाराने थोडी टाळाटाळ केली, मग काउंटरखालून खोके काढले. त्यावर बारीक अक्षरांत 'ॲनालॉग' असा शब्द होता आणि घटकांमध्ये दुधाच्या भुकटीबरोबर पामतेल लिहिलेले होते. दुकानदार न लाजता म्हणाला, "टीचर, दोनशे चाळीसमध्ये असाच माल येतो. सगळे हाच विकतात. खऱ्याला चारशे द्यायची यांची तयारी आहे का?"

त्याच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी होती, ती म्हणजे भाव. आम्ही भाषेचे शिक्षक, पण हे गणित फळ्यावर मांडण्याइतके सोपे आहे. एक किलो पनीर करायला म्हशीचे साधारण पाच लिटर दूध लागते, गाईचे असेल तर सहाच्या आसपास. मुंबईत गाईच्या दुधाची पिशवी साठच्या घरात आहे आणि म्हशीचे सुटे दूध नव्वदच्या वर. डेअरीला दूध आपल्यापेक्षा स्वस्त पडते हे मान्य केले, तरी जळण, मजुरी, बर्फ आणि नफा धरून २४० रुपयांत किलोभर पनीर बसत नाही. जे बसते त्यात दुधातले महागडे लोणी काढून घेतलेले असते आणि त्याच्या जागी स्वस्त तेल घातलेले असते.

अन्नसुरक्षेच्या नियमांत अशा पदार्थाला ॲनालॉग म्हणतात. दुधातल्या घटकाची जागा पूर्ण किंवा थोडी दुधाबाहेरच्या घटकाने घेतलेली, पण दिसायला आणि वापरायला दुधाच्या पदार्थासारखा. असा पदार्थ बनवण्याला बंदी नाही. ते विषही नाही. त्यात दुधाची भुकटी असेल तर थोडीफार प्रथिनेही असतात. बंदी आहे ती हे पनीर म्हणून विकण्याला. मार्च २०२५ मध्ये विधिमंडळाच्या अधिवेशनात एका आमदारांनी असले बनावट पनीर थेट विधानभवनात आणून दाखवले, तेव्हा हा विषय घरोघरी पोचला. पण आमच्या विद्यार्थिनीच्या आईपर्यंत तो पोचला नव्हता. तिच्या घरी वर्तमानपत्र येत नाही.

त्या दिवशी घरी परतताना मनात राग होता. सगळेच नकली खाणे वाईट, असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटत होते. पण वाचकहो, आपल्याच दस्तरखानावर नजर टाकली तर तसे म्हणता येत नाही.

इफ्तारला आपण फ्रूट कस्टर्ड करतो. खरे कस्टर्ड अंड्याच्या बलकाचे असते. आपल्या डब्यातली पिवळी पावडर म्हणजे मक्याचे पीठ, रंग आणि व्हॅनिलाचा वास. १८३७ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने ती तयार केली, कारण त्याच्या बायकोला कस्टर्ड आवडायचे आणि अंडे सोसत नव्हते. एका नवऱ्याने बायकोसाठी केलेली ही नकल आज आपल्या रोजेदारांच्या वाटीत असते.

घाटकोपर पूर्वेच्या खाऊगल्लीत जा. तिथे जैन पावभाजी मिळते. जमिनीखाली वाढणारे कंद जैन बांधव खात नाहीत, म्हणून बटाट्याच्या जागी कच्चे केळे घातलेले असते आणि कांदा-लसूण नसतो. तव्यावरचा रंग तोच, पाव तसाच लोण्यात भाजलेला. आपला धर्मनियमही सांभाळायचा आणि शेजाऱ्याच्या ताटातल्या चवीलाही मुकायचे नाही, यासाठी केलेली ती युक्ती आहे. पारशी मंडळींकडे नवरोजला माव्याची बोई असते, म्हणजे खव्याची मासळी. तिला खवले असतात, डोळा असतो. मिठाईच्या दुकानांत काजूची कलिंगडे आणि सफरचंदे मांडलेली असतात. मुले आधी हसतात आणि मग खातात. डोळ्यांना एक दिसते आणि जिभेला दुसरेच लागते, यात माणसाला मुळातच गंमत वाटते.

जपानमध्ये तर हॉटेलांच्या काचेआड जेवणाच्या हुबेहूब प्रतिकृती ठेवतात. ताकिझो इवासाकी या माणसाने १९३२ मध्ये ओसाका शहरात हा धंदा सुरू केला. त्याचे गाव गुजो-हाचिमान आजही या कामासाठी ओळखले जाते. पूर्वी या वस्तू मेणाच्या असत, आता प्लास्टिकच्या करतात. भाषा न कळणारा माणूसही काचेबाहेर उभा राहून आत काय मिळेल आणि किती मिळेल ते पाहू शकतो. तिथे नकली जेवण खऱ्या जेवणाची जाहिरातही करते आणि हमीही देते.

मग या सगळ्यांत आणि त्या २४० रुपयांच्या पनीरमध्ये फरक कोणता? दोन जुन्या गोष्टी सांगितल्या की तो स्पष्ट होईल. दोन्ही आपल्या मुंबईच्या आहेत.

पहिली डालड्याची. शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना होता आणि १९३७ पासून डालडा बाजारात आला. पिवळ्या डब्यावर ताडासारखे हिरवे झाड. डबा रिकामा झाला की त्यात पीठ, कोळसा, नाहीतर खिडकीत पुदिना. ज्यांना साजूक तूप परवडत नव्हते त्यांच्या घरी बिर्याणी आणि शिरा डालड्यातच झाला. पण वनस्पती आणि तूप दिसायला सारखे, त्यामुळे व्यापारी एकात दुसरे मिसळू लागले. वनस्पतीला एखादा रंगच द्या, म्हणजे भेसळ डोळ्यांना दिसेल, अशी मागणी झाली. टिकाऊ आणि निरुपद्रवी रंग काही सापडला नाही. तेव्हा सरकारने वेगळा उपाय केला. प्रत्येक वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. तिळाच्या तेलाची एक खासियत आहे. विशिष्ट आम्ल आणि रसायन घातले की ते लालभडक होते. म्हणजे तुपात वनस्पती मिसळली असेल तर प्रयोगशाळेतल्या नळीत ते तूप लाल होऊन चुगली करणार. नकली तुपाच्या पोटातच साक्षीदार बसवला. पुढे वनस्पतीतली ट्रान्स फॅट हृदयाला घातक असल्याचे कळले आणि तिच्यावर मर्यादा आली. जानेवारी २०२२ पासून ती दोन टक्के आहे. पदार्थाला स्वतःचे नाव होते, म्हणूनच त्याचा दोषही त्याच्या नावावर मांडता आला.

दुसरी गोष्ट गोरेगावच्या आरेची. एके काळी मुंबईच्या ऐन वस्तीत गोठे होते आणि दुधात सर्रास पाणी असे. शहरातल्या म्हशी बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली. दूध आयुक्त होते दारा खुरोडी, ज्यांना पुढे १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निर्भेळ म्हशीचे दूध गरिबाला परवडत नाही, हा त्यांच्यापुढचा पेच होता. त्यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मोजून मिसळली. स्निग्धांश तीन टक्क्यांवर आला, प्रथिने टिकली आणि भाव उतरला. या दुधाला त्यांनी 'टोन्ड' हे नाव दिले. आज तुमच्या-आमच्या चहात पडते ते बहुतेक हेच.

आता विचार करा. भेसळ करणारा गवळीही दुधात पाणी घालत होता आणि खुरोडींनीही पाणीच घातले. गवळ्याने अंधारात, अंदाजाने घातले आणि पूर्ण दुधाचे पैसे घेतले. खुरोडींनी मोजून घातले, नाव बदलले आणि पैसे कमी घेतले.

इथे एक हदीस आठवते. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीपाशी थांबले आणि त्यांनी राशीत हात घातला. बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारले तेव्हा त्याने पावसाने धान्य भिजल्याचे सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस. आणि जो फसवतो तो आपल्यातला नाही, असे बजावले.

ही हदीस आपण मुलांना फसवणूक करू नका हे शिकवताना सांगतो. वर्गात ती सांगताना आमचे लक्ष या वेळी एका बारकाव्याकडे गेले. ओले धान्य फेकून दे, असे त्या माणसाला सांगितलेले नाही. विकू नकोस, असेही नाही. ते फक्त वर ठेवायचे होते. ज्याला स्वस्तात ओले हवे तो पाहून घेईल आणि घरी नेऊन वाळवेल. ज्याला कोरडे हवे तो कोरड्याचे दाम देईल. त्या डेअरीवाल्याचे खोके काउंटरच्या खाली होते, एवढाच त्याचा गुन्हा. पण 'एवढाच' हा शब्द त्या आईने तुडवलेल्या डोंगरवाटेपुढे फार छोटा आहे.

हे सगळे आम्ही पालकसभेत सांगायचे ठरवले. आदल्या रात्री मुद्दे लिहीत होतो आणि मध्येच पेन थांबले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भाच्याचा वलीमा होता. इमारतीतल्या शेजाऱ्यांसाठी शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या टेबलावर ठेवले होते. ठरवताना केटररने विचारले होते, "पनीर कोणतं वापरू? दुसरं घेतलं तर ताटामागे वीस रुपये कमी होतील." आम्ही म्हणालो होतो, "दुसरं चालेल. मसाल्यात काय कळणार आहे?"

हो, हे शब्द आमचेच होते. तेव्हा 'दुसरे' म्हणजे काय हे आम्ही विचारलेसुद्धा नाही, कारण उत्तर नको होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मटर पनीर दोनदा घेतले आणि निघताना चवीचे कौतुक केले.

आपण दुसऱ्याच्या घरी जेवायला बसतो तेव्हा मटण हलाल आहे ना, एवढे यजमानाच्या शब्दावर मानतो. खाटकाची पावती मागत नाही. काकूंनी त्या दिवशी आमच्या घरचे अन्न तशाच विश्वासाने तोंडात घातले होते. आम्ही मुलांना अमानतीचा धडा शिकवतो. पाहुण्याचे पोट हीसुद्धा यजमानाकडे ठेवलेली अमानतच असते.

पालकसभेच्या आधी आम्ही काकूंकडे गेलो आणि सांगून टाकले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण पुढच्या वेळी आपली बटाट्याची भाजीच करा. मला पनीर तसंही फारसं आवडत नाही."

सभेत आम्ही हाही किस्सा सांगितला. स्वतःचे खोके खाली ठेवून दुसऱ्याचे वर काढायला सांगणे बरे दिसले नसते.

त्या सभेत ज्या गोष्टी ठरल्या, त्या वाचकांच्याही कामाला येतील. सुटे पनीर घेताना ते ज्या खोक्यातून किंवा पाकिटातून काढले ते पाहायला मागावे आणि घटक वाचावेत. वनस्पती तेल लिहिले असेल तर ते पनीर नाही. आइस्क्रीमचेही तेच. खरे आइस्क्रीम दुधाच्या स्निग्धांशाचे असते. वनस्पती तेलाचे असेल तर पाकिटावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेले असते. दोन्ही खाता येतात, पण काय खातो आहोत ते माहीत असावे. पनीरचा तुकडा पाण्यात उकळून, गार झाल्यावर त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले आणि तो निळा झाला, तर त्यात पिठूळ पदार्थाची भेसळ आहे. पण निळा झाला नाही म्हणून ते खरेच असेल असे नाही, कारण आयोडीनला तेल ओळखता येत नाही. खोके दाखवायला नकार मिळाला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

आणि सगळ्यांत सोपे म्हणजे पनीर घरी करावे. त्याच १२० रुपयांत गाईच्या दुधाच्या दोन पिशव्या येतात. उकळी आली की गॅस बारीक करून लिंबू पिळायचे, फडक्यात गाळून वर वरवंटा ठेवायचा. तीनशे ग्रॅमच्या वर पनीर निघते. पूर्वीपेक्षा कमी, पण पूर्ण दुधाचे. निवळीत चपातीचे पीठ मळावे. ती फेकायची वस्तू नाही. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी सोयाबीनच्या वड्या आणाव्यात. मुले त्याला सोया खिमा म्हणतात. खिम्याची ही नकल स्वतःच्याच नावाने विकली जाते आणि कोरड्या वड्यांच्या वजनात निम्मी प्रथिने असतात.

आमच्या विद्यार्थिनीचे हिमोग्लोबिन अजून पुरते वर आलेले नाही. गोळ्या चालू आहेत. डब्यात कधी घरचे पनीर असते, कधी चणे. तिची आई पुन्हा शेअर रिक्षाने जाऊ लागलेली नाही. दूध, चणे मिळून खर्च तेवढाच येतो, म्हणते. पण आता ती "माझं काही चुकतं का" असे विचारत नाही. सभेनंतर वस्तीतल्या सात-आठ बाया मिळून त्या डेअरीत गेल्या आणि खोके बघायला मागू लागल्या. हल्ली ते खोके काउंटरच्या वर असते. पाटी मात्र अजून तीच आहे. तिच्यासाठी आम्ही तक्रारअर्ज दिला आहे.

आता अम्मीची परडी. त्या मुलाने सफरचंद चावल्यानंतर अब्बा म्हणाले होते, काढून टाक ती फळे. अम्मीने काढली नाहीत. तिला ती आवडायची. रंगांमुळे खोलीत उजेड पडल्यासारखे वाटते, असे म्हणायची. फक्त तिने दोन गोष्टी सुरू केल्या. दातांच्या खुणा असलेले सफरचंद तिने परडीत सगळ्यांत वर ठेवले, खुणेची बाजू समोर करून. आणि कोणाचे लहान मूल घरात आले की पाणी द्यायच्या आधी ती त्याच्यापुढे खाली बसायची आणि म्हणायची, "बाळा, ती फळं झूठमूठची आहेत हं. तुला केळं देते." त्यासाठी कोनाड्यातल्या डब्यात एक-दोन खरी केळी झाकून ठेवलेली असत. वीस तारखेनंतरसुद्धा.